बाराची घंटा आणि पिठ्या

मुलांनो, जरा डोळ्यांसमोर आणा. तुमच्यापुढे छातीइतकं उंच टेबल आहे आणि त्यावर नुकतंच अंघोळ घातलेलं, भिजून अर्धं झालेलं एक पांढरं कुत्रं उभं आहे. तुमचा एक हात त्याच्या गळ्याखाली आहे, दुसरा पोटाखाली. त्याचं काळीज धडधडतंय ते तुमच्या बोटांना कळतंय. आता दुसरी गोष्ट. अगदी रांगत होतात तेव्हापासून तुम्हाला शिकवलंय, की चर्चची बाराची घंटा झाली की हातातलं काम ठेवायचं, क्रुसाची खूण करायची आणि हात जोडून उभं राहायचं. आणि ती घंटा वाजते.

तुमचे हात काय करतील? घाई नाही. मर्सीलाही याचं उत्तर द्यायला एक रात्र लागली.

मर्सी दहा वर्षांची. वसईच्या पश्चिमेला, केळीच्या वाडीला लागून त्यांचं घर. तिची आई सेलिन लग्नाआधी वांद्र्याला एका दुकानात कुत्र्यांचे केस कापायला शिकली होती. दोन हजार तीन साली तिने घराच्या पडवीतच तेच काम सुरू केलं. पपांनी टेबल ठोकून दिलं, वर लोखंडी आकडा बसवला आणि त्या आकड्याला कापडी पट्टा लावला. पट्टा कुत्र्याच्या गळ्यात अडकवायचा, म्हणजे ते उडी मारत नाही. स्टेशनजवळच्या नव्या इमारतींतून लोक येत. त्यांना सेलिनचं नाव सांगितलं होतं सुरुचीताईंनी. पिठ्या नावाचा पोमेरियन त्यांचाच. अंगभर पीठ उधळल्यासारखा पांढरा, आणि तितकाच चंचल.

त्या मेच्या शनिवारी पिठ्याला सोडताना सुरुचीताई म्हणाल्या होत्या, "सेलिनताई, सासूबाईंचा जीव आहे हा. त्या माझ्याशी बोलत नाहीत तेवढं याच्याशी बोलतात. चारला येते."

अंघोळ झाली. सेलिनने पिठ्याला टेबलावर ठेवलं आणि बघते तर कोरडा टॉवेल नाही.

"मर्सी, धर याला. मी मागच्या दोरीवरचा टॉवेल घेऊन येते."

पट्टा आकड्यालाच लोंबत राहिला. एका मिनिटाचं तर काम.

आणि घंटा झाली. मर्सीचा उजवा हात कपाळाकडे गेला, मग छातीकडे, मग दोन्ही खांद्यांकडे. डावा हात त्याला येऊन मिळाला. तिने डोळेही मिटले होते.

मग ते केकाटणं. मर्सीने डोळे उघडले तेव्हा टेबल रिकामं होतं. पिठ्या खाली फरशीवर होता, आणि त्याने पुढचा उजवा पाय वर धरला होता.

सेलिन टॉवेल घेऊन धावत आली. "काय झालं?"

"त्याने उडी मारली," मर्सी म्हणाली. खोटं नव्हतं ते. पण तेवढंच.

सेलिनने पाय चाचपून पाहिला. रक्त नव्हतं. दहा-पंधरा मिनिटांनी पिठ्याने पाय टेकला, थोडं पाणी प्यायला आणि कोपऱ्यात झोपला. शेजारची फ्लॉसी मावशी कुंपणापलीकडून बघतच होती.

"टेकतोय की पाय! आता गप्प राहा तू. या पांढऱ्या कुत्र्यांचे नखरेच फार. सांगितलंस तर त्या इमारतीतून एक कुत्रं येणार नाही तुझ्याकडे."

"पण दुखत असेल तर?" सेलिनने विचारलं.

"तर त्यांच्या घरी दुखेल. जिन्यावरून पडला म्हणतील."

सेलिनने पिठ्याचे केस विंचरले, पण फक्त पाठीवरचे. पायाला हात लावला नाही. घरात टेलिफोन होता. सुरुचीताईंचा नंबर भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेला होता. सेलिन तीनदा आत गेली आणि तीनदा बाहेर आली. मर्सी पायरीवर बसून मोजत होती.

चारला गेट वाजलं. ओळखीचा आवाज ऐकून पिठ्या उठला, दोन पावलं धावला आणि कळवळून बसला. पाय सुजला होता.

"सुरुचीताई," सेलिन म्हणाली, "तो माझ्या टेबलावरून पडला. बारा वाजता."

"बारा? आणि मला चारला सांगताय?"

"मला वाटलं, पाय टेकलाय..."

"तुम्हाला वाटलं! फोन नाही तुमच्याकडे? तुम्ही होतात कुठे?"

"टॉवेल आणायला गेले होते."

"मग याला धरलं होतं कोणी?"

पायरीवरून मर्सीला आईची फक्त पाठ दिसत होती.

"कोणी नाही," सेलिन म्हणाली. "पट्टा मी बांधला नव्हता. चूक माझी. चला, रिक्षा करते, डॉक्टरांकडे मी पण येते. उपचाराचं सगळं माझ्याकडे."

"सासूबाईंना काय सांगू ते पण तुम्हीच येऊन सांगा," सुरुचीताई म्हणाल्या, आणि पिठ्याला उचलून चालू लागल्या.

सेलिन दिवेलागणीला परतली. हाड मोडलं नव्हतं, तडकलं होतं. चार आठवडे प्लॅस्टर. बारालाच आणला असता तर इतका सुजला नसता, असं डॉक्टर म्हणाले. सेलिनने गेटवरची आपल्या कामाची पाटी काढली आणि भिंतीकडे तोंड करून ठेवली.

जेवताना मर्सीचा घास फिरत राहिला. शेवटी ती म्हणाली, "मम्मी, मी हात काढले. घंटा झाली म्हणून."

"ठाऊक आहे मला."

"कसं?"

सेलिनने ताटातला भात बोटांनी गोळा केला, परत पसरला. "कारण मी पण दोरीजवळ उभी होते. टॉवेल खांद्यावर, हात जोडलेले. कुत्रं मोकळं आहे, पोर एकटी आहे, सगळं माहीत होतं. तरी उभी राहिले. प्रार्थना दोन मिनिटं मागं-पुढं झाली असती तर देव रागावला नसता गं."

"मग माझी चूक नाही?"

"त्यांनी कुत्रं माझ्या हातात दिलं होतं. तुझ्या नाही. मी ते तुझ्या हातात दिलं, ते पण न बांधता."

मर्सीला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. बराच वेळ तिने आमटीत पाव बुडवून ठेवला, तो फुटून तळाला गेला.

"पण मम्मी, तू 'कोणी नाही' म्हणालीस."

"हो."

"मी होते."

सेलिनने वर पाहिलं. मग ती उठून भांडी घासायला गेली, आणि त्या रात्री भांडी घासायला तिला नेहमीपेक्षा फार वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी चर्चमधल्या रविवारच्या मिस्सानंतर सेलिन सुरुचीताईंच्या इमारतीकडे निघाली. सासूबाईंना सांगायचं होतं. मर्सी न विचारता मागून चालू लागली आणि आईनेही तिला परत पाठवलं नाही. तीन जिने. दारावर पितळी पाटी. सेलिनने बेल वाजवली.

सुरुचीताईंनी आतलं दार उघडलं, बाहेरची लोखंडी जाळी बंदच ठेवली. त्यांच्या मागे, खुर्चीत एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर पिठ्या होता, पुढचा पाय पांढऱ्या प्लॅस्टरमध्ये. मर्सीला बघून त्याने शेपटी हलवली. एकदाच.

"बोला," सुरुचीताई म्हणाल्या.

सेलिनने घसा खाकरला. पण मर्सी तिच्या काखेखालून पुढे आली होती. तिने दोन्ही हातांनी जाळी धरली, आत, त्या खुर्चीकडे पाहिलं आणि म्हणाली, "आजी, याला मी धरलं होतं. घंटा झाली आणि मी हात सोडले."