भरलेली मेमरी

नारीन नदीच्या वरच्या खोऱ्यातल्या हिमतळ्याचं पाणी दुपारपासून चढत होतं. त्यावर नजर ठेवणाऱ्या केंद्रातल्या संगणकाची मेमरी जवळजवळ भरलेली दिसत होती. तिथे पाळीवर असलेल्या बेगाइमचे आईवडील तळ्याखालच्याच गावात राहत. संगणक अडकला तर गावातला धोक्याचा भोंगा वाजणार नव्हता.

"एजे, बघत काय बसलीस? कॅशे रिकामी कर!" शेजारी बसलेला आदिलेत ओरडला; वयाने मोठ्या बेगाइमला तो एजे, म्हणजे ताई, म्हणायचा.

तिने आज्ञा टाइप केली, पण बोट एंटरवरच थबकलं. "थांब. जागा खरंच संपलीये का, ते बघू दे."

मेमरीत बहुतेक कॅशेच होती, म्हणजे पटकन पुन्हा सापडावेत म्हणून तात्पुरते जपलेले, नुकतेच वाचलेले नकाशे आणि मोजमापं. "ही जागा दुसऱ्या कामाला लागली की संगणक ती आपणहून सोडतो. आत्ता पुसलं तर सगळं डिस्कवरून पुन्हा वाचत बसेल."

"आणि तुझं चुकलं तर?"

"आई तिथेच आहे रे माझी," ती कशीबशी म्हणाली आणि टाइप केलेलं खोडून टाकलं.

पाण्याने धोक्याची खूण ओलांडली. पुराचा हिशेब सुरू झाला, त्याने जागा मागितली आणि कॅशेचा आकडा आपोआप उतरला. भोंगा वाजला.

फोनवर आई धापा टाकत होती. "मी चढावर आलेय. तुझे बाबा मेंढ्या सोडून येईनात!"

"त्यांना ओढत आण!" बेगाइम किंचाळली.

ते चढावर आले, मेंढ्यांसकट. तोवर खाली घराच्या अंगणात पाणी शिरलं होतं.