बिडाचं इंजिन

गव्हाणच्या आनंदाशेठ घरतांना हलकी वस्तू मुळात आवडतच नसे. पाटल्या घ्यायच्या तर मनगट खाली ओढणाऱ्या, सोफा घ्यायचा तर सहा माणसांनी उचलावा असा, आणि दरवाजा लावला की शेजाऱ्याला कळलंच पाहिजे. त्यांच्या वडिलांनी उभा जन्म मिठागरावर गोणी वाहिल्या होत्या. जड ते खरं, हे त्या घरात कुणाला शिकवावं लागत नव्हतं. अशा माणसाच्या पोटी रोहिणी जन्माला आली आणि तिने वस्तू हलक्या करण्याचंच शिक्षण घेतलं.

पनवेलच्या बाहेर एका शेडमध्ये ती छोट्या विमानांसाठी रोटरी इंजिन बनवत होती. या इंजिनात पिस्टन वरखाली होत नाही, तर फुगीर पोकळीत तीन कोनांचा रोटर गरागरा फिरतो. पोकळीचं कवच तिने अ‍ॅल्युमिनियमच्या रसात कडक सिरॅमिकची पूड मिसळून ओतून घेतलं होतं, रोटर आतून पोकळ ठेवला होता आणि जिथे फार तापत नाही तिथले भाग कार्बनच्या धाग्यांचे केले होते. सगळं मिळून वीस किलोच्या आत. बंगळूरच्या एका कंपनीला एवढंच हलकं आणि तरी दमदार इंजिन हवं होतं. चाचणीत पास झालं तर रोहिणीची शेड चालणार, नाही तर टाळं. पोरीने लग्नाची स्थळंसुद्धा या इंजिनापायी ताटकळत ठेवली होती.

आनंदाशेठनी मात्र गावभर सांगून ठेवलं होतं, "माजी पोर इमानाचं इंजान बनवते." मग काय, एका रविवारी दोन टेम्पो भरून गाव बघायला आलं. इंजिन पाहून शेठची थोरली बहीण रंभा पुढे झाली आणि तिने ते लेकरू कडेवर घ्यावं तसं उचलून घेतलं.

"आनंदा," दत्ता कोळी म्हणाला, "आमच्या होडीचं मशीन उचलाला चार गडी लागतात. ह्ये काय, चटणी वाटाला का?"

टेम्पोवाल्यासकट सगळे खो खो हसले. रोहिणीही हसली, कारण कडेवर घेता येणारं इंजिन हाच तर तिचा विजय होता. शेठ मात्र हसले नाहीत. लोक आपल्या पोरीला हसले, हे त्यांना भयंकर लागलं, आणि लागलेलं बोलून दाखवायची त्यांना सवय नव्हती. ते थेट तळोज्याला भाच्याकडे गेले. निकेशची तिथे बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, भट्टी होती. शेठनी त्याच्याकडून हुबेहूब तसंच इंजिन बिडात ओतून घेतलं. आत पोकळी नाही, रोटर नाही, नुसता भरीव ठोकळा. वर तसाच करडा रंग आणि तशीच लाकडी पेटी.

निमित्त होतं गावदेवीचं. शेठच्या घरात होडी, डंपर, जेसीबी, काहीही नवं आलं की सुरू होण्याआधी गावदेवीच्या पायाशी जायचं. रोहिणीला हे पटत नसलं तरी मान्य होतं. "न्या बाबा," ती म्हणाली, "पण नारळ शेजारी फोडा, इंजिनावर नको. आणि चाचणीच्या आधी परत आणा." शेठचा बेत साधा होता. पूजेनंतर खरं इंजिन गुपचूप पनवेलला पाठवायचं आणि बिडाचं देवळात ठेवायचं. मग उचल म्हणावं दत्ताला!

पेट्या उचलायला वाडीवरचा पांडू आणि त्याचे तीन सोबती होते. शेठनी त्यांना आधीच बजावलं, "लोकांसमोर जरा कन्हा. कमरेला हात लावा. इमानाचं इंजान हाय, वाटला पायजे." चौघे इमानी माणसं. ते दोन्ही पेट्यांना सारखेच कण्हले, सारखेच घामाघूम झाले. पांडू तर हलकी पेटी ठेवताना "आई गं" म्हणाला आणि मटकन खालीच बसला. शेठना इतकं बरं वाटलं की कुठल्या पेटीत काय आहे ते त्यांना स्वतःलाच कळेनासं झालं. "खरं पनवेलला, दुसरं हितंच," एवढं सांगून ते प्रसादाच्या रांगेतल्या कौतुकाकडे वळले.

चाचणीला शेडवर कंपनीकडून अरुंधती कुलकर्णी नावाच्या बाई आल्या. पेटीसोबत शेठ आणि ते चौघेही आले होते. बोलणं मोजकं, सोबत स्वतःचा वजनकाटा. रोहिणीने पेटी उघडली, दोन्ही हात घातले आणि हसत हसत उचललं. उचललं म्हणजे उचलायला गेली. इंजिन जागचं हललं नाही. तिने पुन्हा जोर लावला. तिचा चेहरा लाल झाला, मग पांढरा.

शेठनी पांडूला दाराआड ओढलं. "अरे, खरं कुठाय?"

"ह्येच की!" पांडू म्हणाला. "दोन पेट्या हुत्या. एक जड, एक हलकी. इमानाचं इंजान जडच आसल ना, शेठ?"

शेठही नेमकं तेच मानत आले होते. ते आत गेले आणि त्या बाईंच्या देखत, खाली मान घालून, सगळं सांगून मोकळे झाले. बीड, निकेश, कण्हणं, काही लपवलं नाही.

रोहिणीचे डोळे भरून आले. "बाबा, तुम्हाला माझी लाज वाटली?"

"तुजी नाय गं पोरी," शेठ म्हणाले. "लोकं तुला हासली. मना सहन नाय झाला."

रोहिणीने पेटीचं झाकण आपटून लावलं. अरुंधतीबाईंनी घड्याळ पाहिलं, खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, "मी दुपारपर्यंत आहे."

शेठनी गावी फोन लावला. तासाभराने गल्लीच्या तोंडाशी शेअर रिक्षा थांबली आणि रंभा उतरली. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी, पाटीत विमानाचं इंजिन. त्यावर हळदीकुंकवाचे पट्टे, झेंडूचा हार आणि खोबऱ्याचे दोन तुकडे. पासष्टीची बाई एक हात कमरेवर ठेवून रिक्षावाल्याशी भांडत भांडत आली.

"मेला म्हनतो, सामानाचं येगलं दे," ती अरुंधतीबाईंनाच म्हणाली. "मांडीवर घेऊन आले ना मी?"

अरुंधतीबाई प्रथमच हसल्या. त्यांनी हळद पुसून इंजिन काट्यावर ठेवायला लावलं. काटा वीसच्या अलीकडेच थांबला. "आता ओढ दाखवा. लोड टाकून."

इंजिन चाकांच्या ट्रॉलीवर बसवलं, पुढे इंजिनाने फिरणारा जाळीतला पंखा, मागे वाळूच्या गोणी ठेवायला फळी. पण या सगळ्या गोंधळात गोणी आणायच्या राहूनच गेल्या होत्या. रोहिणीने इकडेतिकडे पाहिलं. तिचा राग अजून गेला नव्हता. तिने पांडूला खूण केली आणि चौघांनी ते बिडाचं धूड फळीवर चढवलं. यावेळचं कण्हणं अस्सल होतं.

"अजून थोडा लोड हवा," अरुंधतीबाई म्हणाल्या.

"बाबा," रोहिणी म्हणाली, "बसा त्याच्यावर."

आपण काय ऐकतो आहोत हे कळायच्या आत शेठ बिडावर बसले होते. अंगाने ते एकटेच दोन गोणींना भारी. रोहिणीने इंजिन सुरू केलं. आधी गुणगुण, मग शिट्टी, मग छातीत भरणारा एकसंध सूर. त्यात धडधड नव्हती, हिसका नव्हता. शेठना वाटलं, नुसतंच वाजतंय. तेवढ्यात समोरची भिंत सरकू लागली. भिंत कसली, तेच निघाले होते! भाच्याचं बीड, स्वतःचं अंग, सगळं घेऊन ते कडेवरचं इंजिन अंगणातून त्यांना ओढत नेत होतं. पाटीतून उडालेला झेंडू त्यांच्या तोंडावर आला.

"आक्का, ओढतंय गं!" शेठ ओरडले आणि त्यांना रडू कोसळलं. "माज्या पोरीचं इंजान मला ओढतंय!"

अंगणाच्या टोकाशी, फाटकाजवळ, ट्रॉलीबरोबर चालत आलेल्या रोहिणीने वेग कमी करायला हात पुढे केला. तीही आता हसत होती. अरुंधतीबाईंनी मान डोलावली होती, ते तिने पाहिलं होतं. पण शेठनी तिचा हात धरला.

"बंद नको करू," ते डोळे पुसत म्हणाले. "फाटक उघडायला सांग. गव्हानपर्यंत रस्ता सपाट हाय."