गाळलेला रकाना

नाशिकरोडच्या त्या मंगल कार्यालयात रविवारी सकाळी लग्नालाही जमत नाही एवढी गर्दी जमली होती. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी होती, त्यांचे आईबाप होते, व्यायामशाळेतले दंड फुगवलेले दादा होते आणि मागच्या रांगेत गुडघे चोळत बसलेले चार-दोन म्हातारेसुद्धा होते. या सगळ्यांना एका छपराखाली आणलं होतं 'गिरिबल' नावाच्या चूर्णाने.

व्यासपीठावर रुद्र सर फिरत होते. अंगाला चिकटलेला काळा टी-शर्ट, कानाला माइक आणि पायात पांढरेशुभ्र बूट.

"आहे का कोणी पैलवान? या, या! लाजायला काय झालं? बघायला आलोय का मी तुम्हाला?"

हशा पिकला. देवळाली कॅम्पातले निवृत्त हवालदार गोटीराम मिशीवरून हात फिरवत वर चढले. सरांनी त्यांना उजवा हात खांद्याच्या रेषेत आडवा धरायला लावला आणि नुसत्या दोन बोटांनी मनगट दाबलं. हात खाली आला. हवालदार ओशाळले. मग सरांनी चूर्णाची चिमूट त्यांच्या जिभेवर ठेवली, सभागृहाकडून तीन आकडे मोजून घेतले आणि दोन्ही तळव्यांनी हात दाबायला सुरुवात केली. दात-ओठ खाल्ले, चेहरा लालबुंद केला. हात जागचा हलेना.

"बघितलं? ही सुरगाण्याच्या डोंगरातली मुळी! ती पोटात जात नाही, थेट स्नायूशी बोलते! आणि हे मी नाही म्हणत हो, सायन्स म्हणतंय. चव्वेचाळीस तरुण, आठ आठवडे, उचलायचं वजन नऊ किलो चारशे ग्रॅमने वाढलं. आणि हा इंग्रजी रिसर्च ज्यांनी आपल्या मायबोलीत आणला ते निरगुडे सर इथे बसलेत. जोरदार टाळ्या!"

टाळ्या पडल्या. धोंडीराम निरगुडे खुर्चीच्या अगदी कडेला बसले होते, मांडीवरचा सत्काराचा नारळ घरंगळेल की काय या धास्तीने. उठावं की बसूनच हात जोडावेत हे त्यांना कळेना. शेवटी ते अर्धवट उठले आणि नारळ पडलाच.

चाळीस वर्षं त्यांनी एका छापखान्यात मुद्रितं तपासली होती. लोकांच्या पुस्तकांतल्या हजारो चुका त्यांनी लाल शाईने वेचल्या, पण एकाही मुखपृष्ठावर त्यांचं नाव आलं नव्हतं. 'गिरिबल'च्या पुस्तिकेवर ते आलं होतं. 'मराठी शब्दांकन : धोंडीराम निरगुडे.' अक्षरं बारीकच होती, पण होती. पहिली प्रत हातात आली तेव्हा त्यांनी त्या ओळीवरून बोट फिरवलं होतं आणि बायको बघत नाही ना याची आधी खात्री करून घेतली होती.

त्यांच्या वरच्या खोलीत वेदिका भाड्याने राहायची. मूळची सटाण्याकडची, वय एकवीस. पोलीस भरतीची ही तिची दुसरी वेळ. रोज पहाटे धावायची, मग गोळाफेक करायची आणि परत येताना खालून "आजी, आले मी!" म्हणून ओरडायची. महिनाभराने एका सकाळी ती ओरडली नाही. बूट हातात घेऊन ओट्यावर बसून राहिली.

"काय गं, पाय मुरगळला का?" निरगुड्यांनी विचारलं.

"नाही आजोबा. आठशे मीटरला आधीपेक्षा नऊ सेकंद जास्त लागतायत. गोळा तर साडेपाच मीटरच्या पुढे जातच नाही. भरती तीन आठवड्यांवर आलीय." ती थांबली. "तुमच्या पुस्तिकेत दिलंय तसंच सगळं करतेय मी. चूर्ण दोन वेळा. सर म्हणाले, चूर्ण असताना अंडी-दूध बंद, नाहीतर गुण लागत नाही. तेही बंद केलं. मग माझंच काय चुकतंय?"

आतून निरगुड्यांच्या पत्नी कुसाबाई बाहेर आल्या. माहेर सायखेड्याचं, आवाज शेतावर कमावलेला. "अंडी बंद? दूधबी बंद? अगं, मग पळती कशाच्या जोरावर, वाऱ्याच्या? आन् तुला हे सांगितलं कोणी?"

"सरांनी. पण मी घेतलं ते आजोबांचं नाव होतं म्हणून. मैत्रिणींनाही मीच सांगितलं, आजोबा चुकीचं काही छापणार नाहीत."

निरगुडे उठले. घरात गेले, टेबलाचा खण उघडला आणि मूळ इंग्रजी लेख बाहेर काढला. तो पुन्हा वाचायची गरज नव्हती खरं तर. कुठलं पान उघडायचं हे त्यांच्या बोटांना ठाऊक होतं.

मूळ तक्त्यात तीन रकाने होते. पहिल्यात काय मोजलं ते. दुसऱ्यात चूर्णाच्या गोळ्या घेतलेल्यांची वाढ, नऊ किलो चारशे ग्रॅम. तिसऱ्यात दुसऱ्या गटाची. त्या गटाला चूर्णाऐवजी तांदळाच्या पिठाच्या, दिसायला हुबेहूब तशाच गोळ्या दिल्या होत्या. त्यांची वाढ होती नऊ किलो शंभर ग्रॅम. दोन्ही गटांकडून आठवड्याचे चार दिवस कसून व्यायाम करून घेतला होता, दोघांनाही अंडी आणि दूध दिलं होतं.

पुस्तिकेचं पान अरुंद होतं. तीन रकाने बसेनात. रुद्र सर म्हणाले होते, "काय करायचं सर?" आणि निरगुड्यांनी, चाळीस वर्षांच्या सवयीने, पान देखणं व्हावं म्हणून, स्वतः सुचवलं होतं, "तिसरा काढून टाकू. आपल्या चूर्णाचा नाहीच तो." सर हरखून म्हणाले होते, "तुम्ही तर जादूगार आहात!" तेव्हा छातीत बारीकसं काही टोचलं होतं. मुखपृष्ठाचा नमुना समोर आला आणि टोचणी थांबली.

खालच्या बारीक अक्षरांतल्या टिपाही त्यांनी गाळल्या होत्या. चव्वेचाळीसपैकी तेराजण मधेच सोडून गेले, त्यातले नऊ चूर्ण घेणारे, बहुतेक पोट बिघडल्यामुळे; त्यांना हिशेबातून वगळलं. अभ्यासाचा खर्च कंपनीचा, चूर्ण कंपनीचं, आकडेमोड कंपनीची, आणि चार लेखकांपैकी दोघं कंपनीतले पगारी नोकर.

कुसाबाई आणि वेदिका दारात येऊन उभ्या होत्या; निरगुड्यांनी हे सगळं त्यांना सांगितलं. कुसाबाईंनी ऐकून घेतलं आणि त्या एवढंच म्हणाल्या, "पोरगी सोताला दोष देतीये, आन् तुम्ही खण उघडून बसलात."

"पण तो हात? हवालदारांचा हात आधी मनगट दाबल्यावर खाली आला, चूर्णानंतर दाबला तर आला नाही, ते मी डोळ्यांनी पाहिलं."

"धरा बरं हात आडवा." कुसाबाईंनी नवऱ्याचं मनगट एका हाताने दाबलं. हात खाली आला. "कुठं दाबलं होतं त्यांनी दुसऱ्यांदा?"

निरगुड्यांनी डोळे मिटून आठवलं. त्या रविवारी वेदिकाही सभागृहात होती; तिला आधी आठवलं. "कोपराजवळ! आजी, दोन्ही तळवे कोपराच्या अलीकडे, खांद्याच्या बाजूला होते!"

कुसाबाईंनी कोपराच्या अलीकडे दाबलं. बाहत्तर वर्षांचा तो वाळका हात आडवाच राहिला. "घ्या! दार कडीपाशी ढकललं तर करंगळीनं लागतं. बिजागरीपाशी ढकलून बघा, घाम फुटल. एवढं तर आमच्या गोठ्यातल्या फाटकाला बी ठावं हाय."

वेदिका हसली. महिन्याभरात पहिल्यांदा. निरगुड्यांना मात्र हसू आलं नाही.

पुढच्या रविवारी त्याच कार्यालयात पुस्तिकेच्या दुसऱ्या आवृत्तीचं प्रकाशन होतं. जाणं टाळता आलं असतं. ताप आल्याचं सांगता आलं असतं. तसं दोनदा मनात आलंही. पण ते गेले. रुद्र सरांनी माइक हातात दिला तेव्हा त्यांनी खिशातून मूळ लेख काढला.

"मी... मला बोलता येत नाही," निरगुडे म्हणाले. "वाचून दाखवतो. या पुस्तिकेत एक रकाना कमी आहे."

त्यांनी तिसरा रकाना वाचला. मग टिपा वाचल्या. सभागृहात कुजबुज सुरू झाली.

रुद्र सर हसत पुढे आले. "निरगुडे सर दमलेत जरा. वय झालं. मित्रहो, परदेशी औषधवाल्यांना आपल्या मुळीची भीती वाटते, आणि आपलीच माणसं..."

"मी मुळीला काही म्हणत नाही हो," निरगुडे घाबरत पण मध्येच म्हणाले. "ती चांगलीही असेल. मी माझ्या रकान्याबद्दल बोलतोय. पिठाच्या गोळ्या घेतलेल्यांचीही ताकद तेवढीच वाढली. म्हणजे वाढवली ती व्यायामाने आणि अंड्या-दुधाने. आणि तेच तुम्ही पोरांना बंद करायला सांगता."

"मग हवालदारांचा हात काय व्यायामाने थांबला? तीन सेकंदांत?" सरांनी विचारलं आणि टाळ्या घेतल्या.

वेदिका पहिल्या रांगेतून उठली. "गोटीराम काका, या ना वर. सर, चमचाभर चूर्ण द्या त्यांना. चिमूट नको, चमचाभर."

हवालदारांनी चूर्ण तोंडात टाकलं आणि हात आडवा धरला. वेदिकाने दोन बोटं त्यांच्या मनगटावर ठेवून दाबलं. हात खाली आला. मागची माणसं बघायला उभी राहिली. तिने त्यांना चूळ भरायला लावली, पुन्हा हात धरायला सांगितला आणि या वेळी कोपराच्या अलीकडे दोन्ही तळव्यांनी सगळं बळ लावलं. हात हलला नाही.

"चूर्ण खाऊन पडला, चूळ भरून राहिला," ती म्हणाली. "मुळी नाही काका, जागा बदलली. बिजागरीपाशी दार ढकललं सरांनी."

"आयला!" गोटीराम माइकमध्येच म्हणाले. "म्हणजे मी महिनाभर धुरळा फाकत होतो?"

हास्याचा फवारा उडाला. रुद्र सर म्हणाले, शंका घेणाऱ्याच्या सान्निध्यात चूर्णाची ऊर्जा मंदावते. त्यावर आणखी हसले लोक. पण सगळे हसले नाहीत. मागच्या बाजूला डबे विकणाऱ्या टेबलापाशी अजून माणसं उभी होती, आणि एक बाप आपल्या मुलाला म्हणत होता, "असू दे, घेऊन ठेवू."

तेवढ्यात मधल्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "ओ काका! लिहिलं तुम्हीच ना? तेव्हा झोपला होतात का?"

निरगुड्यांनी मान खाली घातली. मग वर केली. "नाही. जागा होतो," ते म्हणाले. "तेच वाईट आहे."

भरती झाली. तीन आठवडे अंडी-दूध पुन्हा सुरू करून वेदिकाने धावण्याची वेळ बरीचशी भरून काढली. गोळा पाच मीटर ऐंशीपर्यंत गेला. यादी लागली तेव्हा ती एका गुणाने बाहेर होती.

"एक गुण तर कशानेही जातो आजोबा," ती म्हणाली. "पुढच्या वेळी."

निरगुड्यांना माहीत होतं, एक गुण कशानेही जातो. तो कशाने गेला, हेही त्यांना माहीत होतं.

छापखान्यात पुस्तक बांधून झाल्यावर चूक सापडली तर शुद्धिपत्र छापतात. बोटभर रुंदीचा कागद, पहिल्या पानाला चिकटवायचा. निरगुड्यांनी असंख्य शुद्धिपत्रं तपासली होती, पण कधी स्वतःचं लिहिलं नव्हतं. आता लिहिलं. आणि रोज सकाळी, मुलं धावायला येतात त्या मैदानाच्या फाटकापाशी ते गठ्ठा घेऊन उभे राहू लागले. कोणी घ्यायचं, कोणी कागद बघून पुढे जायचं. वेदिका धावून झाली की निम्मा गठ्ठा त्यांच्या हातातून घ्यायची.

कागदावर लिहिलं होतं :

'गिरिबल' पुस्तिकेतील तक्त्यात पुढील रकाना गाळला गेला : पिठाच्या गोळ्या घेणाऱ्यांची वाढ, नऊ किलो शंभर ग्रॅम. चूर्ण घेणाऱ्यांची, नऊ किलो चारशे. तीनशे ग्रॅमचा हा फरक इतक्या थोड्या माणसांत योगायोगानेही पडतो.

कंपनीच्या पैशाने केलेलं संशोधन तेवढ्यावरून खोटं ठरत नाही. पण पैसा कोणाचा हे कळलं की आकडे दोनदा वाचावेत. "वाढ झाली" असं कोणी म्हणालं तर विचारावं, कोणापेक्षा? किती जण सोडून गेले आणि का? आणि तक्ता फारच सुबक दिसत असेल तर विचारावं, यातून काय काढून टाकलंय? विचारायला लाजू नका. मी लाजलो होतो.

रकाना आपोआप गळला नाही. मी गाळला.

आणि खाली, पुस्तिकेवर होतं त्यापेक्षा मोठ्या अक्षरांत, त्यांचं नाव होतं.