बुधवारची खिडकी

ताईची भेट बुधवारी दुपारी असायची. ती ज्या शुश्रूषागृहात आहे, त्याचं पान कॉम्प्युटरवर उघडायचं. त्यावर ताईचं नाव आणि नावाखाली एक हिरवं बटण, ‘भेट सुरू करा’. ते दाबलं की एक वेगळी लहानशी खिडकी उघडायची आणि तिच्यात ताई दिसायची. उशीला टेकलेली, केस मागे घट्ट बांधलेले. तसे केस तिला उभ्या आयुष्यात आवडले नाहीत, पण तिथल्या परिचारिकेला ते सोयीचे पडतात. मला पाहिलं की तिचं पहिलं वाक्य ठरलेलं.

“भिंगरे, जेवलीस का?”

हे नाव तिनंच ठेवलं होतं. लहानपणी मी एका जागी बसत नसे. पुढे आईनं उचललं, मग गल्लीनं. आता ते घेणारं ताईखेरीज कोणी उरलं नाही.

डॉक्टरांनी तिला तिथे ठेवतानाच सांगितलं होतं, “हे दुखणं माणसं एकेक करून पुसत जातं. तुमचा चेहरा अजून त्यांच्याकडे आहे. तो न चुकता समोर येऊ द्या. एकदा सुटला की परत बसवता येत नाही.” मला जाणं जमत नाही. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून मी जिना उतरते तीही कठडा धरून, रडतखडत, आणि ताईच्या गावाला दोन गाड्या बदलाव्या लागतात. फोनचा उपयोग नाही, कारण तिचे कान गेले आहेत. ती ओठ वाचते. म्हणजे आम्हा दोघींचं जे काही उरलं होतं ते सगळं त्या खिडकीतच होतं.

कान गेले ते नोकरीत, असं ती म्हणायची. आम्ही दोघी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होतो, लागून लागून खुर्च्या. समोर भिंतभर बोर्ड, त्यात भोकांच्या रांगा, आणि हातात कॉर्ड. दिवा लागला की कॉर्ड खुपसायची, नंबर विचारायचा, दुसरं टोक दुसऱ्या भोकात. ताईचा हात असा चाले की नवीन मुली स्वतःचं काम सोडून तिच्याकडे बघत बसत आणि बोलणी खात. एकीकडे ती अनोळखी माणसांना “जोडून देते, थांबा” म्हणे आणि हेडसेट हातानं झाकून दुसरीकडे मला म्हणे, “या काकांना बायकोशी बोलायचंच नाहीये. मुद्दाम चुकीचा नंबर देतायत.” मला हसू दाबता येत नसे. बोलणी मलाच.

असो. तर झालं असं की उन्हाळ्याच्या सुरुवातीला माझ्या कॉम्प्युटरला जाहिरातींची वाळवी लागली. मी लोकरीच्या विणकामाचे नमुने बघत होते. कुठेतरी बोट लागलं आणि खिडक्यांवर खिडक्या फुटू लागल्या. एक बंद केली की दोन हजर. एकीत मला बक्षीस लागलं होतं, दुसरीत कॉम्प्युटर धोक्यात होता, तिसरीत एक बाई वजन कमी करून हसत होती. मी आमच्या गल्लीतल्या स्क्रूवालीला बोलावलं. किल्ल्या बनवणाऱ्याच्या शेजारी तिचं दुरुस्तीचं दुकान आहे. कानामागे पेन्सिलीऐवजी स्क्रूड्रायव्हर असतो, म्हणून सगळी गल्ली तिला स्क्रूवाली म्हणते. तिला राग नाही.

“मावशी, कुठल्या वस्तीत फिरून आलात?” तिनं विचारलं.

“विणकाम बघत होते गं.”

“सगळे असंच सांगतात.”

तिनं ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन पॉप-अप बंद केले. कोणत्याही साइटला आपणहून नवीन खिडकी उघडता येणार नाही, अशी सोय. वर जाहिराती अडवणारं आणखी एक काहीतरी बसवलं. “आता माशीसुद्धा आत येणार नाही,” म्हणाली आणि माझ्या हातचा चहा पिऊन गेली. दोन-तीन दिवस मी खरंच सुखात होते.

बुधवारी हिरवं बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. पानावर तर लिहून आलं, ‘भेट सुरू आहे’, पण खिडकी नाही. थोड्या वेळानं फोन वाजला. परिचारिका होती.

“आजी, आम्ही केव्हाचे बसलोय. तुम्ही दिसत नाही. समोर नुसतं काळं आहे.”

“मी इथेच आहे. बटण दाबलंय.”

“ताई एकदा टॅबलेटकडे बघतायत आणि एकदा माझ्याकडे. काय सांगू?”

“सांगा, येतेय म्हणावं.”

पण परिचारिकेच्या ओठांवरून ‘येतेय’ एवढं कळलं तरी कोण येतंय, ते चेहऱ्याशिवाय तिला कसं कळणार. वेळ संपली. पुढच्या माणसाची भेट होती.

दुसऱ्या दिवशी स्क्रूवाली आली. तिनं पत्त्याच्या पट्टीच्या उजव्या टोकाला बोट ठेवलं. तिथे मुंगीएवढी खिडकी होती आणि तिच्यावर लाल फुली. “हे बघा, मावशी. आली होती बिचारी. दारातच अडवली. बक्षीसवाले आणि तुमची ताई, ब्राउझरला सगळे सारखेच.”

“मग त्याला सांग ना, ही घरची आहे म्हणून.”

“तेच सांगते.” तिनं शुश्रूषागृहाच्या साइटला कायमची परवानगी दिली. तरीही खिडकी उघडेना, तेव्हा लक्षात आलं की ते दुसरं बसवलेलं काहीतरी वेगळं अडवतंय. तिथेही त्या साइटला सूट दिली. बटण दाबलं तशी लहानशी खिडकी टपकन उघडली. ताई अर्थातच नव्हती, नुसतं लिहिलं होतं, ‘भेटीची वेळ नाही’. पण उघडली. मी स्क्रूवालीच्या पाठीवर थाप मारली.

“हळू, मावशी. कॉम्प्युटर नाहीये मी.”

आता एक्स्चेंजची एक सवय सांगायला हवी. पाळी संपली की बोर्डवरची एकूण एक कॉर्ड काढायची, खटके खाली पाडायचे आणि बोर्ड कोरा करून उठायचं. पुढच्या मुलीच्या माथी आपलं काही ठेवायचं नाही. एखादी कॉर्ड विसरली तर आमच्या मुख्य बाई घरी निघालेल्या मुलीला फाटकातून परत बोलावत. एवढी वर्षं झाली, तरी मला काही उघडं टाकून उठता येत नाही. रोज संध्याकाळी मी ब्राउझर साफ करते. ‘पुसून टाका’ म्हटलं की चौकटींची यादी येते, त्या सगळ्या चौकटींवर खुणा करते आणि कोरं करून मगच कॉम्प्युटर बंद करते. त्या संध्याकाळीही केलं. आनंदात होते, जरा जास्तच नीट केलं.

पुढच्या बुधवारी पुन्हा खिडकी नाही. या वेळी लाल फुली मला दिसली, पण तिच्यावर बाण नेताना बोट भलतीकडेच लागलं आणि दुसरंच पान उघडलं. स्क्रूवाली दुकान बंद करून भाच्याच्या लग्नाला गेली होती. फोनवर मागे ढोलासारखं काहीतरी वाजत होतं आणि ती ओरडत होती, “मावशी, उजवीकडे! पत्त्याच्या पट्टीत!”

“तीच बघतेय गं.”

“मग दाबा!”

दुसऱ्या कानाला परिचारिकेचा फोन. “आजी, त्यांनी टॅबलेट उलटा घालून ठेवलाय. राहू द्यायचं का आज?”

मी म्हटलं, राहू द्या.

लग्नाहून परत आल्यावर स्क्रूवाली माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, “मी दिलेली परवानगी गेली कुठे? तुम्ही काही केलंत का?” मी म्हटलं, काही नाही, रोजच्यासारखं साफ केलं. करून दाखवा म्हणाली. मी दाखवलं. तिनं यादीतल्या शेवटच्या चौकटीवर बोट ठेवलं, ‘साइट सेटिंग’.

“ही पुसली की सगळ्या परवानग्या जातात, मावशी. म्हणजे मी कुलूप उघडून गेले आणि तुम्ही रोज लावून घेतलंत.” मग माझं तोंड बघून म्हणाली, “जाऊ द्या हो. चौकट कोणाला कळते.”

तिनं ती खूण काढली, परवानगी पुन्हा दिली आणि येणाऱ्या बुधवारी दुकान सोडून स्वतः माझ्याकडे येऊन बसली.

खिडकी पहिल्या झटक्यात उघडली. ताई दिसली. केस तसेच घट्ट. मी चेहरा जवळ नेला, हसले आणि सावकाश, ओठ नीट हलवत म्हटलं, “ताई, जेवलीस का?” दर वेळी ती विचारायची, या वेळी मीच विचारलं.

ती बघत राहिली. रस्त्यात एखादी बाई आपल्याकडे बघून हसली की आपण बघतो तसं, आधी अवघडून, मग जरा नाराजीनं. मी म्हटलं, “मी भिंगरी.” तिनं माझे ओठ वाचले. तो शब्द तिच्या तोंडावर आला आणि तसाच गेला. मान वळवून ती परिचारिकेला म्हणाली, मोठ्यानं, बहिरी माणसं बोलतात तसं, “ही बाई मध्येच कुठून आली? बंद करा हिला.”

“ताई आहेत ना तुमच्या त्या... म्हणजे, बहीण आहे तुमची,” परिचारिका म्हणाली.

“बंद करा म्हटलं ना.” आणि तिनं हात वर केला, तोंडावरचं काहीतरी झटकावं तसा.

स्क्रूवाली माझ्याकडे न बघता म्हणाली, “पहिलाच दिवस आहे, मावशी. इतक्या दिवसांनी. पुढच्या बुधवारी ओळखतील.”

मी परिचारिकेला म्हटलं, करा बंद, तिला त्रास होतोय. तिनं केलं. माझ्या बाजूची खिडकी रिकामी, पांढरी तशीच राहिली. ती मी बंद केली नाही. स्क्रूवालीनं केली.

त्यानंतर एकही बुधवार चुकला नाही. परवानगी जागच्या जागी आहे, खिडकी दर वेळी उघडते. पहिले काही आठवडे मी माझं नाव सांगून पाहिलं, मग सोडलं. माझा चेहरा दिसला की ताई अस्वस्थ होते, म्हणून परिचारिका आता टॅबलेट बाजूच्या टेबलावर ठेवते, जरा मागे. तिथून मला तिचा कान दिसतो, उशीचा कोपरा आणि अर्धा हात. हात कधी कधी चादरीवर हलतो. ती जेवली की नाही ते मी परिचारिकेला विचारते. जेवल्या, असं ती सांगते.