ओठांभोवतीचं अर्धं कडं

भाचीचं, योगेश्वरीचं, पत्र आलं तेव्हा छोटेलालनं ते पुन्हा पुन्हा वाचलं, पुस्तकात घालून ठेवलं आणि उत्तर दिलं नाही. मित्रांनो, मी या छोटेलालच्या ओठांभोवतीचा एक जुना स्नायू आहे. माझं ऐकावं असं माझ्यात काही नाही, तरी सांगतो.

माझा जन्म मुर्री नावाच्या खेड्यातला. मी कुठल्या हाडाला नीट बांधलेला नाही. शेजारच्या स्नायूंचे धागे ओठांच्या कोपऱ्यांत येऊन गुंफले जातात, तेव्हा माझं कडं होतं. आईचं दूध ओढणं हे माझं पहिलं काम. पुढे धानावरची पाखरं उडवायला शीळ घातली, चुलीत फुंकणी फुंकली. प, ब, म हे माझ्यावाचून उमटत नाहीत. हसण्याचं कौतुक मात्र गालांच्या वाट्याला गेलं. छोटेलाल ग्रंथालयातला लाजाळू कारकून. त्यानं मला जन्मभर तोंड मिटायलाच वापरलं.

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी चहा डाव्या कोपऱ्यातून सदऱ्यावर ओघळला. मेंदूचे निरोप आणणारी नस सुजली होती. माझा डावा भाग जिवंत होता, पण त्याला कोणी हाक मारत नव्हतं. वारं लागलं असेल म्हणून छोटेलालनं तोंडाला गमछा गुंडाळला. डॉक्टरकडे गेला तो महिन्यानं. आरशासमोर रोज फुंकर मारा, प-ब-म म्हणा, असं डॉक्टरांनी सांगितलं. घरी येऊन त्यानं आरसा भिंतीकडे फिरवला.

त्यातच भाचीचं पत्र आलं. मामा फोन उचलत नाही म्हणून तिनं लिहिलं होतं, "मामाजी, मांडवात मले तुम्हीच आणा. तोंड कसंबी असो."

शेजारची पुष्पाबाई म्हणाली, "असं तोंड घेऊन कायले जाता, भाऊ? सारे फोटो खराब होतीन."

तो गेला नाही. दूरच्या एका मामानं योगेश्वरीला मांडवात आणलं. नंतर बहीण रामकली येऊन गेली. चहालाही थांबली नाही. "दादा, पोरगी शेवटपर्यंत फाटकाकडंच पाहून राहिली होती," एवढंच बोलली.

त्या दिवशी आरसा सरळ झाला. फुंकर, प, ब, म. मी थोडा जागा झालो. उरलेला आता होणार नाही.

मित्रांनो, तोंड वाकडं झालं तर गमछ्यात लपवू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. आणि कोणी बोलावलं तर हो किंवा नाही, काहीतरी म्हणा. हाक न पोचणं काय असतं, ते मी भोगलं आहे.

काल छोटेलाल भाचीच्या सासरी पाठवायचं पाकीट घेऊन पोस्टात गेला. खिडकीतल्या डिंपलनं विचारलं, "कुठं पाठवून राहिले, बाबाजी?"

"आ... गाव."

"कोनतं गाव?"

मागं कोणीतरी हसलं. त्याचा हात गमछ्याकडे गेला. मी होतं नव्हतं ते बळ एकवटलं आणि ओठ मिटले.

"आमगाव."

तिनं शिक्का मारला. पाकिटात एकच ओळ होती: योगेश्वरी, तू बोलावलंस तेव्हा मी घरीच होतो.