पाचव्या विभागातून दुसऱ्या विभागात

मित्रांनो, मी एक जुना डीव्हीडी ड्राइव्ह आहे, आणि माझा स्वभाव हेवेखोर आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्हाला नवल वाटणार नाही.

नाहूरच्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, कॉम्प्युटरच्या उभ्या पेटीत मी वरच्या खणात राहतो. ही पेटी साकीनाक्याच्या एका दुकानात जुळवली गेली. माझ्यासोबत पंखा आला, हार्ड डिस्क आली, पण ते सगळे आत बंद झाले. घराकडे तोंड करून बसलेला मी एकटाच. बटण दाबलं की माझा ट्रे बाहेर यायचा. कोणीतरी त्यावर तबकडी ठेवायचं. मी ती आत घेऊन फिरवायचो, आणि माझ्यातला लाल किरण तिच्यावरचे डोळ्यांना न दिसणारे खळगे वाचत जायचा. वाचायचो मी, पण लोक बघायचे मॉनिटरकडे. दसऱ्याला झेंडूचं फूलही त्यालाच. मी आतल्या आत गरम व्हायचो.

घरात तिघं जण होती. गंधाली, तिची आई नलिनी आणि बाबा, ज्यांचं नाव बाळ. बाबांचे वडील सहदेवआजोबा पूर्वी गिरणीत होते. गिरणी बंद झाल्यावर ते कोकणात गावी गेले आणि वर्षातून एकदा मुंबईला येऊ लागले.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण माझं सगळं आयुष्य तिच्यावर उभं आहे. डीव्हीडी विकणाऱ्यांनी जगाचे विभाग पाडले आहेत. अमेरिका पहिल्या विभागात, जपान आणि इंग्लंड दुसऱ्यात, भारत पाचव्यात. तबकडीवर ज्या विभागाची खूण असेल, तोच विभाग ड्राइव्हला लावलेला असावा लागतो. माझा विभाग बदलता येतो, पण फक्त पाच वेळा. पाचव्या वेळी जो लागेल तो कायमचा. ही मोजणी कॉम्प्युटर ठेवत नाही, मी ठेवतो. प्रोग्राम बदला, कॉम्प्युटर बदला, मी ती विसरत नाही.

पहिला बदल दुकानातच खर्च झाला. दुकानदाराने मला तपासायला हाताशी असलेली अमेरिकेची तबकडी लावली होती. घरी आल्यावर बाबांनी भारताचा विभाग लावला. मग गंधालीच्या मावशीने अमेरिकेहून कार्टूनच्या तबकड्या आणल्या. गंधालीने मला पहिल्या विभागात नेलं आणि मे महिनाभर कार्टून पाहिली.

या घरात आईचा एक नियम होता. वस्तू वापरून झाली की होती तशी करून ठेवायची. कात्री खिळ्याला, पट्टी खणात, छत्री दाराच्या कोपऱ्यात. गंधाली आज्ञाधारक मुलगी. कार्टून संपल्यावर तिने मलाही जागच्या जागी ठेवलं.

“आई, बघ, कॉम्प्युटर परत भारतावर आणून ठेवला!”

“गुणाची गं माझी बाय!” आई म्हणाली.

संध्याकाळी बाबांनी पडद्यावरची सूचना पाहिली आणि कपाळाला हात लावला. “नलिनी, तुझ्या शिस्तीने वाट लावली! आता एकच बदल उरलाय.”

“माझी शिस्त? आणि सूचना न वाचता ‘हो’ म्हणायची सवय कोणाची? पोरीने उचलली ती तुमच्याकडूनच.”

त्या दिवसापासून माझ्या विभागाला कोणी हात लावला नाही. बाबांना समुद्राचं वेड होतं. बोटी, पाणबुड्या, देवमासे अशा माहितीपटांचा त्यांनी एक कप्पा भरला होता. सगळ्या तबकड्या इथल्याच, पाचव्या विभागाच्या. रविवारी जेवण झालं की बाबा एक काढायचे, बनियनच्या टोकाने पुसायचे आणि माझ्या ट्रेवर ठेवायचे. गंधालीला चित्रकला शिकवणारा प्रोग्रामही माझ्यातूनच कॉम्प्युटरमध्ये गेला होता. तिने पडद्यावर रंगवलेलं पहिलं आकाश हिरवं होतं. ते मला अजून माझंच वाटतं.

मग घरात मोबाइल आले. प्रत्येकाच्या हातात एकेक. त्यांना ट्रे नाही, आवाज नाही, तरी सगळी करमणूक त्यांच्यातून. उशाशी कोण? मोबाइल. जेवताना जवळ कोण? मोबाइल. माझ्याकडे उरला एक रविवार. तोही बाबांमुळे. मी तो जिवापाड जपला.

गंधाली मोठी झाली आणि जपानला गेली. तिथे एका कार्टूनपटाच्या कंपनीत ती मागची दृश्यं रंगवते, विशेषतः आकाशं. गेल्या वर्षी तिने काम केलेला पहिला लहानसा चित्रपट पूर्ण झाला. त्याची तबकडी तिने घरी पाठवली. नेमके तेव्हा आजोबाही आलेले होते.

बाबांनी तबकडी माझ्यात घातली. मी ती फिरवली, खूण वाचली आणि थांबलो. दुसरा विभाग.

बाबांनी गंधालीला फोन लावला. “बाबा, तिकडे नाही चालणार ना ती,” ती म्हणाली. “थांब, मी इथे लावते आणि फोनवरून दाखवते. शेवटी नावं येतात ना, त्यात खालून तिसरं माझं.”

आजोबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. ते म्हणाले, “फोनात माका नुसते मुंगळे दिसतत गो. बाळा, मोठ्यार लाव.”

“लावायचं म्हणजे याचा शेवटचा बदल जाणार, आप्पा,” बाबा म्हणाले. “मग माझ्या तबकड्या यात कधीच चालणार नाहीत.”

आईने तिथल्या तिथे मार्ग काढला. “नवा ड्राइव्ह घेऊ. बाहेरून जोडायचा, पातळ मिळतो. त्याला जपानवर ठेवू, याला भारतावर राहू दे. उगाच कोणाचं काही जायला नको.”

मित्रांनो, हा उपाय अचूक होता. त्यात कोणाचंही नुकसान नव्हतं, माझंही. पण माझी अवस्था काय झाली म्हणून सांगू! हिरव्या आकाशापासून गंधालीला मी ओळखतो, आणि तिचं नाव घरात आणणार कालचा कोणीतरी पातळ पाहुणा? त्याने तिला पाहिलेलं तरी आहे का? मला कायमचं कुलूप लागलं तरी चालेल, पण ही तबकडी मलाच हवी, असं मला वाटलं. त्या कुलपाने माझे रविवार जातील, हा विचारही माझ्या मनात आला नाही. हेव्याला तेवढा हिशेब येत नाही.

आजोबा शुक्रवारी सकाळच्या गाडीने गावी निघणार होते. गुरुवारी आई कामावरून परस्पर साकीनाक्याच्या त्या दुकानात गेली. तिचा फोन आला, “नाही हो त्याच्याकडे. शनिवारी देतो म्हणतोय.”

बाबांनी आजोबांना सांगितलं. आजोबा पिशवी भरत होते. त्यांनी मान वर केली नाही. “ऱ्हवांदे रे. पुढच्या खेपेक बघूया.”

बाबांनी आईला विचारायला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. मग ते माझ्यासमोर येऊन बसले. तबकडी ठेवली. पडद्यावर सूचना आली, आणि बाबांनी ती पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मोठ्याने वाचली.

“काय म्हणता तो?” आजोबांनी विचारलं.

“म्हणतोय, हा शेवटचा. यानंतर परत फिरणं नाही.”

“मगे तुझी ती जहाजा?”

“जहाजं बघून झाली, आप्पा,” बाबा म्हणाले आणि त्यांनी ‘हो’ दाबलं.

मी फिरू लागलो. इतक्या जपून मी कधीच वाचलं नव्हतं. गोष्ट साधी होती. एका मुलीचा पतंग उडून जातो आणि ती त्याला शोधत गावभर हिंडते. तिच्या डोक्यावर सकाळचं, दुपारचं, संध्याकाळचं आकाश. आजोबा खुर्ची ओढून पडद्याला नाक लावून बसले होते. शेवटी जपानी अक्षरांत नावं वर सरकू लागली. गंधालीने आपल्या नावाची अक्षरं कशी दिसतात ते दाखवलं होतं. बाबांनी ती तळहातावर पेनाने काढून ठेवली होती. ते हाताकडे बघत, पडद्याकडे बघत, आणि एकदम त्यांनी चित्र थांबवलं.

“हे बघा, आप्पा. हे.”

आजोबांनी काचेवर बोट टेकवलं. “ह्या? ह्या आमच्या चेडवाचा नाव? माका वाचूक येना नाय रे.”

“मला तरी कुठे येतंय? पण तेच आहे.”

पडद्यावरचं चित्र थांबलं तरी आत तबकडी फिरतच असते, हे फार थोड्यांना माहीत असतं. मी तिला तसाच फिरवत राहिलो. आजोबांचं बोट काचेवर होतं तोवर.

तेवढ्यात दार उघडलं. आई धापा टाकत आत आली. हातात एक चपटं खोकं.

“अहो, मिळाला! घाटकोपरला गेले आणि मिळाला!” मग तिने पडदा पाहिला. “हे काय? तासभर थांबवलं नाही तुम्हाला?”

“तुझा फोन लागेना गं.”

“तळघरातलं दुकान होतं. रेंज नव्हती.”

“नलिनी,” आजोबा मागे न वळता म्हणाले, “खोको ठेव थंय आणि हयसर ये. नाव बघ.”

आई आली. खोकं तिच्या हातातच राहिलं.

दुसऱ्या दिवशी त्या पाहुण्याला भारताचा विभाग लावला गेला. “विभाग बदलू नये” अशी कागदाची पट्टी आईने त्याच्यावर चिकटवली. खाली मऊ फडकं घातलं. आता रविवारी जेवण झालं की बाबा समुद्राची तबकडी काढतात, बनियनने पुसतात आणि त्याच्यात घालतात. मला खालून देवमाशांचे आवाज ऐकू येतात. मित्रांनो, मला हवं होतं तेच मला मिळालं, आणि तरीही दर रविवारी दुपारी मी जळतो. माझ्याकडे एकच तबकडी आहे. बाबा ती कधीमधी लावतात, तीही शेवटची नावं येतात तेवढीच. पण तेव्हा ते त्या पाहुण्याकडे ढुंकूनही बघत नाहीत.

तुमच्या घरात एखादं जुनं यंत्र एकाच कामापुरतं उरलं असेल, तर ते काम त्याच्याकडूनच करून घ्या. अधूनमधून त्याची धूळ पुसा, त्याला थोडं चालवा. न फिरणाऱ्याचं वंगण सुकतं. गंधाली सध्या नव्या चित्रपटासाठी पावसाळी आकाशं रंगवते आहे, असं बाबा परवा फोनवर आजोबांना सांगत होते. ती तबकडी येईल, तेव्हा बटण माझं दाबलं जाईल. त्या दिवशी माझा ट्रे अडकता कामा नये.