डाव्या इंडिकेटरची बारात

माधवराव पोतनिसांच्या नव्या गाडीत तबल्याचा डग्गा ऐकू येत नसे. चाट टणटणीत, तिरकिट दाणेदार, पण डग्ग्याचा घुमारा कंपनीच्या स्टिरिओनं पार गिळून टाकलेला. माधवराव कॉलेजात भूगोल शिकवायचे आणि सकाळी तासभर तबल्यावर बसायचे. अर्धाच तबला ऐकत गाडी चालवणं त्यांना सोसवेना.

"घरी अख्खा डग्गा आहे ना तुमचा," त्यांची बायको जयू म्हणाली. "तो मागच्या सीटवर ठेवा नि चला."

पण माधवरावांनी उज्जैनच्या देवास गेटजवळ लोकेशचं कार-स्टिरिओचं दुकान गाठलं. लोकेशनं डिकीत घुमाऱ्यासाठी पिंपाएवढं सबवूफर बसवलं, सीटखाली ॲम्प्लिफायर सरकवला आणि मागच्या स्पीकरच्या तारा त्याला जोडून दिल्या. मग "देखो सर," म्हणून आपला मोबाइल थेट ॲम्प्लिफायरला जोडून स्वतःच्या पसंतीचं एक गाणं लावलं, तेव्हा शेजारच्या चहावाल्याचे ग्लास ट्रेमध्ये चालायला लागले. माधवराव खूश झाले.

दुकानातून निघताना त्यांनी डावीकडे वळायला इंडिकेटर दिला.

धम्! धम्! धम्!

मागून बस आदळली असं वाटून ते उतरून बघून आले. गाडी धडधाकट होती. रस्त्यावरची माणसं मात्र आपसूक बाजूला झाली होती. असा आवाज आला की मागून कुठल्या तरी देवाची सवारी येते आहे, हे उज्जैनात कोणाला सांगावं लागत नाही. एका म्हातारीनं तर चपला काढून गाडीला हात जोडले.

लोकेशनं डोकं खाजवलं. "सर, नई गाड़ियों में इंडिकेटर की टिक-टिक, बेल्ट की घंटी, सब स्पीकर से ही आती है. अब वो भी बड़े डिब्बे में जा रही है."

"और मेरा डग्गा?" माधवरावांनी तबल्याचं रेकॉर्डिंग लावलं. आवाज वाढवला, तर होता नव्हता तो घुमाराही गेला.

"ज़्यादा आवाज पे कंपनी का स्टिरिओ बेस खुद काट देता है, सर. टिक-टिक को नहीं काटता." इंदूरहून एक पार्ट मागवतो म्हणाला. "तब तक सीधे-सीधे चलाओ."

सीधे-सीधे चालवून उज्जैनात माणूस कुठंच पोचत नाही. माधवराव खिडकीतून हात काढून वळू लागले. एकदा एका रिक्षावाल्यानं त्या हातावर टाळी दिली.

अशात त्यांचे कॉलेजातले सहकारी प्रसादजी यांच्या मुलाचं, सौरभचं लग्न आलं. मुलगी भैरवगढची, तिच्या वडिलांचा कापडछपाईचा कारखाना. संध्याकाळी पोतनीस नवरा-बायको तिथं पोचले, तर बारात रस्त्याच्या मधोमध थिजलेली. डीजेचा जनरेटर बसला होता. फेटे बांधलेली पोरं घाम पुसत नुसती उभी. सौरभ घोडीवर, आणि घोडी दोरीवर वाळत घातलेल्या चादरीचं टोक चघळत होती.

माधवराव गाडी बाजूला घ्यायला गेले आणि जुन्या सवयीनं इंडिकेटर दिला गेला.

धम्! धम्! धम्!

दोन फेटेवाल्यांचे खांदे हलले. मग चौघांचे. माधवरावांनी घाईनं आवाज बंद केला, तसे सगळे खांदे थांबले आणि सगळ्या माना गाडीकडे वळल्या. प्रसादजी धावत काचेपाशी आले.

"अहो माधवराव, बंद काय करता? चालू ठेवा ना!"

"प्रसादजी, तो इंडिकेटर आहे."

"असू द्या ना हो! लडकीवाले केव्हाचे गेटवर उभे आहेत. मुकी बारात नेऊ का मी?"

मग काय, डावा दिवा लुकलुकत ठेवून गाडी मुंगीच्या पावलांनी नाकासमोर निघाली. पुढं नाचणारी बारात, मागं घोडीवर सौरभ आणि त्याच्यामागं एक ट्रॅक्टर, ही गाडी कधी वळते याची वाट बघत.

मागच्या सीटवरची आहेराची पिशवी घ्यायला जयूनं बेल्ट सोडला. घोंऽग! बारातीनं "होऽऽ" केलं. जयूनं बेल्ट लावला आणि थोड्या वेळानं पुन्हा सोडला. घोंऽग! पुन्हा "होऽऽ".

"हे काय चाललंय तुझं?"

"समेवर देतेय," जयू म्हणाली. "इतकी वर्षं सकाळी ऐकते आहे, एवढं तर समजतं."

तेवढ्यात सौरभचा एक मित्र घोडीपुढं नाचत नाचत उलटा आला आणि त्याची बैठक मागच्या डाव्या दिव्यावर आदळली. काच फुटली, बल्ब गेला. बल्ब गेला की चालवणाऱ्याला कळावं म्हणून या गाड्यांचा इंडिकेटर दुप्पट वेगानं वाजतो. धम्धम्धम्धम्! बारात पेटली. आत्या-मावश्या मैदानात उतरल्या. छपाईचे कारागीर निळ्या-लाल हातांनी कारखान्यातून बाहेर आले आणि तसेच नाचू लागले. माधवराव स्टीअरिंगवर थाप मारून ओरडले, "वाह! द्रुत!"

लग्नाच्या लॉनच्या गेटापाशी वळण घेतलं, स्टीअरिंग सरळ झालं आणि इंडिकेटर आपोआप विझला. सगळं चिडीचूप. घोडीनं चारही पाय रोवले. घोडीवाल्यानं ओढलं, प्रसादजींनी गूळ दाखवला, घोडी ढिम्म.

"बाजे के बिना नहीं चलेगी, साब."

माधवरावांनी इंडिकेटर पुन्हा दिला. गाडी गेटातून आत शिरली, हिरव्या गालिच्यावरून, खुर्च्यांच्या रांगांमधून थेट स्टेजपर्यंत गेली, आणि मागून दुडक्या चालीनं घोडी. नवरीची आई अपर्णाताई स्टेजपाशी ओवाळणीचं ताट घेऊन सज्ज होत्या. समोर पहिलं बॉनेट आलं, म्हणून त्यांनी बॉनेटलाच ओवाळलं.

जेवायच्या रांगेत वाढप्यानं माधवरावांना अडवलं. "बाजेवाले उधर, तंबू के पीछे."

"अहो, आम्ही लडकेवाल्यांकडचे—" जयू सांगू लागली, पण माधवराव निघालेही होते. तंबूमागं जनरेटरवाला आणि डोक्यावर दिवे वाहणारे दाल-बाफले खात होते. एकानं सरकून जागा केली.

"बैठो उस्ताद. क्या ताल पकड़ी आज!"

माधवरावांना आयुष्यात कोणी उस्ताद म्हटलं नव्हतं. ते मांडी घालून बसले आणि पुढ्यात आलेला बाफला त्यांनी तुपात बुडवला. मग ते मागोमाग आलेल्या जयूकडे वळून गंभीरपणे म्हणाले, "गेटापाशी मात्र तू अर्धी मात्रा मागं होतीस."

"बेल्ट अडकला होता," जयू म्हणाली. "जेवा आता."